आधी प्लिए कर, मग वयाचं बोलू

"या वयात कुठे जमणार, मिस?" हे वाक्य माझ्या वर्गात यापुढे चालणार नाही.

छत्तिसाव्या वर्षी बॅले शिकायला ये म्हणून मी तुझ्या दारात आले नव्हते. तू आलीस. फॉर्मवरची जन्मतारीख तुझ्याच हातची आहे. तेव्हा वय ठाऊक होतं ना? मग बारवरचा हात सुटून तोल गेला की त्याच वयाला पुढे का ढकलतेस? पहाटे उठून डबे भरताना वय आड येत नाही. मार्चअखेरीला रात्री अकरापर्यंत ऑफिसात बसताना येत नाही. दिवाळीआधी माळ्यावर चढून साफसफाई करताना येत नाही. माझ्याकडे आलीस की मात्र एकदम म्हातारी होतेस. कशी काय?

कशी ते मी सांगते. वय पुढे केलं की समोरचा नरमतो. "अगं, या वयात येतेस हेच खूप आहे," असं कौतुक वर पदरात पडतं. माझ्याकडून ते मिळणार नाही. येतेस हे खूप नाही. येऊन काय करतेस ते बघू.

पहिली गोष्ट, वेळेवर येत नाहीस. कधी सिंहगड रस्ता तुंबतो, कधी पार्किंग मिळत नाही, कधी सासूबाईंचं औषध आणायचं राहतं. एकेक कारण खरं असेल. मी खोटं म्हणतच नाही. पण ज्या दिवशी क्लायंटकडे ऑडिट असतं त्या दिवशी सिंहगड रस्ता मोकळा असतो का? त्या दिवशी तू अर्धा तास आधी निघतेस. म्हणजे निघता येतं. इथे यायला निघत नाहीस, एवढंच.

आणि उशीर नेमका काय बुडवतो? प्लिए आणि तांद्यू. दोन्ही तुला कंटाळवाणे वाटतात. गुडघे वाकवायचे, सरळ करायचे. पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा, परत आणायचा. यात शिकण्यासारखं काय आहे, असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. तर ऐक. वर्गाचा हा क्रम कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. प्लिएत घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे एकदम आणि सावकाश कामाला लागतात. तांद्यूत तळपाय जागा होतो. आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटं ताणली जातात, आणि परत येताना हेच उलट्या क्रमाने. देगाजेत तोच पाय जमिनीपासून जरासा सुटतो. मग रों द जांब, फोंद्यू, फ्रापे, आणि बारच्या शेवटी ग्राँ बातमाँ, म्हणजे पाय उंच फेकणं. लहान हालचालीतून मोठी, संथातून वेगवान. एन्रिको चेकेत्तीसारख्या गुरूने तर आठवड्याच्या कोणत्या वारी कोणते व्यायाम करायचे हेसुद्धा बांधून दिलं होतं.

तू थेट फ्रापेला येऊन दांडा पकडतेस. थंड पायांनी. मग सेंटरला सोते, म्हणजे उड्या, सुरू झालं की उतरताना तुझ्या टाचा जमिनीला टेकतच नाहीत. कशा टेकतील? उडी प्लिएतून निघते आणि प्लिएतच उतरते. टाचा अधांतरी ठेवून धपाधप उतरत राहिलं की पोटरी भरून येणार, टाचेमागची शीर दुखणार. मग पोटरी चोळत म्हणतेस, "वय झालं, मिस." वय नाही झालं. प्लिए झालं नाही.

आता पाचव्या पोझिशनचं. पावलं कशी ठेवतेस ते एकदा नीट बघ. पुस्तकातल्या चित्रासारखी आडवी. आणि गुडघे? ते पुढेच बघतात. तळपायाची कमान आतल्या बाजूला कोसळलेली. म्हणजे पाय खुब्यातून फिरवलेलाच नाहीस. पाऊल जमिनीवर रोवलंस आणि गुडघ्याला पीळ दिलास. गुडघा वाकण्यासाठी आहे. तो असा पिळायचा नसतो. टर्नआउट होतो खुब्याच्या सांध्यात. नितंबाखाली खोलवर जे छोटे स्नायू आहेत ते मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला फिरवून धरतात. ते हाड किती फिरणार हे बरंचसं सांध्याच्या घडणीवर अवलंबून असतं, आणि मोठेपणी ती घडण बदलत नाही. हे तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तेवढंच तू पकडून ठेवलंस. "माझी हाडंच तशी आहेत." बरं, आहेत तशी. पण जेवढं फिरतं तेवढं तरी वापरतेस का?

नाही वापरत. कारण खरा टर्नआउट आरशात कमी दिसतो. पावलांमध्ये जेमतेम काटकोन होतो. तुला खरे नव्वद अंश नकोत, खोटे एकशे ऐंशी हवेत. ते खोटं दाखवतेस कुणाला? मी पावलं बघतच नाही, मी गुडघे बघते. दुसऱ्याच्या ताळेबंदात एक रुपया फुगवलेला असला तर तुला झोप येत नाही. चार रात्री खर्चून तू तो शोधून काढतेस. आणि स्वतःच्या पायांचा हिशेब दर शनिवारी फुगवून मांडतेस, माझ्यासमोर, आरशासमोर. दहा वर्षांनी गुडघ्यांच्या डॉक्टरकडे बसशील तेव्हा हा फुगवलेला आकडा कोण भरणार आहे?

पाय कमी उघडले तरी चालतात मला. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, कमान उभी हवी. एवढ्यावर मी खूश आहे. मग तू कुणाला खूश करायला निघालीस?

याहून मोठं दुखणं पुढे आहे. चूक सांगितली की तू बोलायला लागतेस. "हो मिस, माहीत आहे मला, ते डावं हिप ना जरा टाइट आहे, त्यात काल झोप झाली नाही..." मी म्हटलं होतं, खांदा खाली. खांदा खाली घ्यायला अर्धा सेकंद पुरतो. त्याऐवजी मला स्पष्टीकरण मिळतं, आणि खांदा कानाला टेकलेला तो टेकलेलाच. आठ वर्षांच्या मुलीला सांगितलं तर ती काय करते? खांदा खाली घेते. बस. तिचं अंग लवचीक म्हणून ती भराभर शिकते, असं तू मैत्रिणींना सांगतेस. त्यात थोडं तथ्य आहे. पण उरलेलं का सांगत नाहीस? ती मुलगी चुकते, सगळ्यांच्या देखत चुकते, आणि त्याचं तिला काही वाटत नाही. तुला वाटतं. गेली पंधरा वर्षं तू हुशार बाई म्हणून वावरली आहेस. ऑफिसातली पोरं तुला विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाहीत. इथे घट्ट कपड्यांत, कॉलेजच्या मुलींच्या शेजारी, डोक्यापासून पायापर्यंतच्या आरशासमोर तू अडाणी दिसतेस. ते तुला सोसत नाही. घोडं पेंड खातं ते इथे. खुब्यात नाही, पोटरीत नाही, जन्मतारखेत तर नाहीच.

म्हणून तुझी जागा मागच्या रांगेत. पुढचीकडे बघून तू करतेस आणि उजवी बाजू कशीबशी निभावून नेतेस. मग डावी बाजू येते. सगळा वर्ग वळतो. तुझ्या समोर कुणीच नसतं, आणि तू हात हवेत ठेवून उभी राहतेस. क्रम तुला येतच नव्हता. दोन तांद्यू पुढे, दोन बाजूला, दोन मागे, एक प्लिए, एक रलेव्हे. जीएसटीची कलमं तोंडपाठ असलेल्या बाईला एवढं लक्षात राहत नाही? मी मानणार नाही. तू लक्षात ठेवायलाच जात नाहीस. स्वतः आठवून केलं आणि चुकलं तर ती तुझी चूक ठरेल. बघून केलेलं चुकलं तर पुढचीची. अशी किती दिवस दुसऱ्याच्या पाठीमागे लपणार?

"मी आपली हौस म्हणून करते." हेही बंद कर. हौस काय असते माहीत आहे? राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी मंडळी बघ. दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात राबायचं आणि रात्री कुठल्या तरी हॉलमध्ये तालीम करायची. पदरचे पैसे घालायचे, वर्षभराच्या रजा त्याच आठवड्यासाठी राखून ठेवायच्या. त्यांना कुणी पगार देतं का? त्यांना हौशी म्हणतात. तू करतेस त्याला टंगळमंगळ म्हणतात. हौसेचं नाव त्याला देऊ नकोस.

मग येतं लहानपण. "लहानपणी मिळालं असतं ना, मिस, तर..." तर काय? १९९० च्या दशकात मिरजेत बॅलेचा वर्ग नव्हता, हे खरं आहे. मुंबईत तुशना डल्लास यांची शाळा १९६६ पासून होती, पण मिरजेहून तुला तिथे कोण रोज नेणार होतं? मान्य. आणि समजा नेलंही असतं. आना पाव्हलोव्हासारख्या बॅलेरिनालासुद्धा सेंट पीटर्सबर्गच्या इम्पीरियल बॅले स्कूलने पहिल्यांदा अशक्त दिसते म्हणून परत पाठवलं होतं. दहाव्या वर्षी घेतलं. तिथे खुबा, पाठ, पाऊल तपासून मुलं निवडत. तुझ्या खुब्यांना त्यांनी उभं केलं असतं? तूच सांगतेस ना, हाडंच तशी आहेत म्हणून? म्हणजे जे आयुष्य तुझं कधी होणारच नव्हतं त्याचं सुतक तू पाळते आहेस, आणि जो शनिवार हातात आहे तो घालवते आहेस.

शिवाय मिरजेनं तुला काहीच दिलं नाही असं कसं म्हणतेस? सतारमेकर गल्लीच्या जवळ वाढलीस. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव ते. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकलीस, हे तूच सांगितलंस. तेव्हा पलटे घोटलेस ना? तेच तेच चार स्वर रोज सकाळी, महिनोन् महिने? बाईंना विचारलं होतंस का, की यात शिकण्यासारखं काय आहे? 'मला थेट ख्याल शिकवा' म्हणाली होतीस? रियाज म्हणजे काय हे माझ्या वर्गात कुणाला आधीपासून माहीत असेल तर ते तुला. कॉलेजच्या त्या मुलींना मला ते पहिल्यापासून समजवावं लागतं. तुला समजवायची वेळ का यावी? संताप येतो तो याचा. तुझ्या कानाला लय कळते. पियानोवर तीनचा ठेका सुरू झाला की तुझी मान आपोआप त्यात येते, वर्गात सगळ्यांच्या आधी. ते मला शिकवता येत नाही, ते तू घेऊन आलीस. आणि त्यावर पाणी सोडून मागच्या रांगेत उभी राहतेस.

पाव्हलोव्हाचं नाव निघालं म्हणून आणखी एक सांगते. १९२८ मध्ये ती मुंबईत आली होती. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि त्यांचे पती तिचा नाच बघायला गेले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बोटीवर पुन्हा गाठ पडली, ओळख वाढली, आणि रुक्मिणीदेवी पाव्हलोव्हाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकायला लागल्या. १९०४ चा जन्म. हिशेब तूच कर, तो तुला येतो. विशी कधीच ओलांडलेली, लग्न झालेलं, सभा-संमेलनांत वावर. पाव्हलोव्हाने त्यांना सांगितलं की तुमच्या देशातलं नृत्य शोधा. तेव्हा त्या पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसल्या. आधी मैलापूर गौरी अम्मांकडे, मग पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळैंकडे. आणि १९३५ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, अड्यारला लोकांसमोर नाचल्या. काळ कोणता होता? भल्या घरच्या बाईने देवदासींचं सादिर नाचणं म्हणजे कुळाला बट्टा, असं मानणारा. त्यांना गाव काय म्हणेल याची भीती असायला हवी होती. तुला कसली भीती आहे? व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर नणंद हसेल याची?

'येह बॅले' बघून तू रडलीस, तेही मला सांगितलंस. सूनी तारापोरवालांचा तो चित्रपट मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या दोन मुलांवर बेतलेला आहे. एक टॅक्सीचालकाचा मुलगा, दुसरा वेल्डरचा. दोघंही बॅलेच्या हिशेबाने फार उशिरा सुरू झाले. त्यांचे गुरू येहुदा माओर त्यांना किती कठोरपणे शिकवायचे, तेही त्या चित्रपटात आहे. तू काय पाहिलंस? संगीत पाहिलंस, उड्या पाहिल्यास, रडलीस, आणि पुढच्या शनिवारी वीस मिनिटं उशिरा आलीस. त्या मुलांच्या नावाने डोळे पुसायचा हक्क कुठून आणलास?

पॉइंट शूजचं तर विचारूच नकोस. वर्ष पूर्ण व्हायच्या आत दोनदा विचारून झालं. मुलांनाही साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि आधीची काही वर्षं नियमित शिकल्याशिवाय त्यावर चढवत नाहीत. तुझी हाडं पक्की झाली आहेत, ते ठीक. पण एका पायाच्या चवड्यावर, दांडा न धरता, घोटा न हलवता वर जाऊन तिथे थांबता येतं का? सलग वीस वेळा? प्रत्येक वेळी तेवढंच उंच? नाही येत. मग साटिनच्या त्या बुटात तुझा घोटा कोण धरून ठेवणार? रिबन?

मला कुणी म्हणेल, एवढी कशाला मागे लागतेस त्या बाईच्या. तिला थोडीच रंगमंचावर जायचं आहे. बरोबर, नाहीच जायचं. लेखिका झेल्डा फिट्झजेराल्डने सत्ताविसाव्या वर्षी पॅरिसला जाऊन ल्युबोव्ह एगोरोव्हाकडे असंच झपाटून बॅले धरलं होतं, दिवसाचे आठ-आठ तास. १९३० मध्ये तिचं मन आणि शरीर दोन्ही कोसळलं. मला तसली झपाटलेली माणसं नकोत. मी तुझ्याकडे आठ तास मागत नाही, स्वान लेक मागत नाही, सडपातळ कंबर तर मुळीच मागत नाही. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स पंचावन्नच्या पुढच्यांसाठी 'सिल्व्हर स्वान्स' नावाचे वर्ग चालवते. तुझ्या आईच्या वयाच्या बाया तिथे प्लिए करतात. तुला तर अजून जवळजवळ वीस वर्षं आहेत त्या वर्गात बसायला.

मी मागते ती दिवसाची दहा मिनिटं. वेळ नाही म्हणू नकोस. रात्री दुसऱ्यांच्या पिरुएतचे व्हिडिओ किती वेळ बघतेस ते तुझा फोनच सांगेल. स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची साधारण बारएवढीच आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक हात ओट्यावर टेकून सोळा प्लिए. पहिल्या पोझिशनमध्ये आठ, दुसऱ्यात आठ. टाचा जमिनीवर. मग रलेव्हे, म्हणजे चवड्यांवर वर जाणं, दोन्ही पायांवर, आणि खाली येताना वर जायला लागला त्याच्या दुप्पट वेळ घ्यायचा. खाली आदळायचं नाही. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, सकाळी उजव्या, रात्री डाव्या. याला लिओटार्ड लागत नाही, आरसा लागत नाही, सिंहगड रस्ता लागत नाही. कुणी बघत नाही, त्यामुळे हुशार दिसायचीही गरज नाही. आता सांग, यात कोणतं कारण बसवणार आहेस? बसवून दाखव.

आणि बुटांचं इलॅस्टिक शिवून आण. गेले कित्येक आठवडे सेफ्टी पिन लावून येतेस. पिन उघडली तर तळव्यात जाईल. सुई-दोरा आणि पाच मिनिटं लागतात. हे मला छत्तीस वर्षांच्या बाईला सांगावं लागतं.

या शनिवारी वर्ग सव्वासातला सुरू होईल. सव्वासातला दार बंद होईल. उशिरा आलीस तर बाहेर बसून बघायचं, आत यायचं नाही. वेळेवर आलीस तर मागे जायचं नाही. खिडकीजवळच्या बारवर, सगळ्यात पुढे तू. कॉलेजच्या मुली तुझ्या मागे. मी क्रम एकदाच दाखवीन. उजवी बाजू सगळ्यांनी करायची, आणि वळल्यावर डावी बाजू तू सुरू करायचीस. चुकलीस तर चुकू दे. तोंड उघडायचं नाही, 'सॉरी मिस' नाही, हिपचं कारण नाही. पुढचा काउंट पकडायचा आणि करत राहायचं.